सावलीतलं घड्याळ

"ही घडी उन्हावर चालते जी," हेमंत म्हणाला आणि डबीतून घड्याळ काढून त्यानं ते आप्पांच्या तळहातावर ठेवलं. "सेल बदलायची भानगडच नाही. ऊन दाखवलं की झालं."

आप्पा बेदाण्याच्या शेडच्या तोंडाशी उलट्या क्रेटवर बसले होते. वाळत घालण्याआधी द्राक्षं बुडवायच्या तेलानं हात चिकट झालेले, म्हणून त्यांनी घड्याळ दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"नुसत्या उन्हावर?"

"हो ना. या तबकडीच्या खाली पट्टी आहे. उजेड तिच्यावर पडतो, आत बारकी बॅटरी आहे, ती भरते."

"म्हंजे तुमच्या त्या पंपावाणीच."

"अगदी तसंच. फक्त पाणी येत नाही."

आप्पा हसले नाहीत. मी हसले, आणि लगेच जीभ चावली. चहा द्यायचा आणि गप उभं राहायचं, असं आत्तीनं मला दहादा बजावून पाठवलं होतं. पण गप उभं राहणं माझ्या रक्तातच नाही, त्याला मी काय करू?

हेमंत देवतळे वर्ध्याकडचा. सोलर पंप बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता. कवठेमहांकाळच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावाबाहेरच्या ज्या शीतगृहात मी हिशेबाचं काम बघायचे, तिथं तो पंप बसवायला आला आणि पंप बसल्यावरही काही ना काही कारण काढून येत राहिला. मग कंपनीनं त्याला राजस्थानात, जैसलमेरच्याही पुढं वाळवंटात पाठवायचं ठरवलं. तिकडं आरशासारख्या काचांची शेतंच्या शेतं उभी राहणार होती. जायच्या आधी तो आप्पांकडं मला मागायला आला होता. हे आप्पांना माहीत होतं, आत्तीला माहीत होतं, शेडवरच्या बायकांना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. तरी बोलणं चाललं होतं घड्याळाचं.

"आन् ऊन न्हाई मिळालं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर हा सेकंदाचा काटा दोन-दोन घरं उड्या मारत चालतो. म्हणजे समजायचं, घडीला भूक लागली. तरी नाही दिलं ऊन, तर झोपते."

"झोपती म्हंजे मरती?"

"नाही बाप्पा! झोपते. ऊन दाखवलं की उठते." हेमंतनं चहाचा कप खाली ठेवला. "ही दुकानात अंधारात पडून होती, पोट रिकामंच आहे तिचं. आठ दिवस मनगटावर घालून फिरा, नाहीतर खिडकीत ठेवा. एकदा पोट भरलं की मग सहा महिने बघायला नको. फक्त तापलेल्या पत्र्यावर टाकू नका, बॅटरी खराब होते."

आप्पांनी मान हलवली. ते सगळं मन लावून ऐकत होते, हे मी बघत होते. त्यांना कुठलंही यंत्र समजून घ्यायला आवडायचं. पण मनगटावर काही त्यांनी ते घातलं नाही. बंडीच्या खिशात टाकलं.

मग हेमंतनं घसा साफ केला. "आप्पा, पद्मिनीबद्दल बोलायचं होतं."

"माल जाळीवर हाय, पावणं," आप्पा म्हणाले. "माल उतरू द्या. मग सांगतो."

ही त्यांची जुनी रीत. द्राक्षं जाळीवर पसरली की ती वाळून खाली येईपर्यंत घरात दुसरा कुठलाही मोठा विषय काढायचा नाही. ना जमिनीचा, ना सोयरिकीचा. लक्ष फाटलं की माल बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. हेमंतला हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो उठला, वाकून नमस्कार केला, आणि पाडव्यानंतर येतो म्हणून राजस्थानला गेला.

आप्पा नाही म्हणाले नव्हते. पण हो म्हणाले नव्हते. आणि त्यांच्या होकाराशिवाय मी त्या घराचा उंबरा ओलांडणार नव्हते. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. साधा ताप आला आणि आठवड्यात ती गेली. त्यानंतर त्या घरात आम्ही तिघं उरलो, आप्पा, त्यांची थोरली बहीण म्हणजे आत्ती, आणि मी. आप्पांचं मन मोडून गेले असते तर वाळवंटात काय, स्वर्गातही मला घास गेला नसता. आणि हेमंतला सोडून राहणंही मला जमणार नव्हतं. म्हणजे सगळं आप्पांच्या तोंडावर अडलं होतं, आणि आप्पांच्या तोंडाला बेदाण्यानं कुलूप घातलं होतं.

ज्यांनी बेदाण्याची शेड आतून बघितली नाही त्यांना काय सांगू! बाहेर उन्हाळ्याचं ऊन नुसतं आग ओकत असतं. आत पाऊल टाकलं की सगळं हिरवं. वरून, बाजूंनी हिरवी जाळी, तिच्यातून गाळून आलेला उजेड, आणि एकावर एक तारांच्या जाळ्या, प्रत्येकीवर द्राक्षं. वारा सतत वाहतोय आणि त्याला गोड, जड असा वास. तिथं दोन माणसं बोलत असली तरी आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. रविवारी दुपारी मी दोन रांगांच्या मधल्या वाटेत पोतं टाकून आडवी व्हायचे, आणि डोळा लागला की मला वाळू दिसायची. तीही हिरवी. त्या हिरव्या वाळूत हेमंत काचा पुसत उभा असायचा, आणि प्रत्येक काचेत आप्पा दिसायचे. जाग आली की कळायचं नाही, आपण कुठं आहोत. वर बघावं तर डोक्यावर द्राक्षं, अजून पोपटी, अजून टपोरी, वाळायची कसलीच घाई नसलेली.

आमच्याकडं बेदाणा उन्हात वाळवत नाहीत, सावलीत वाळवतात. उन्हात टाकला तर लवकर वाळतो, पण काळा पडतो. सावलीत वेळ लागतो, पण रंग राहतो. म्हणून माल जाळीवर असताना आप्पांचा एकच शत्रू, ऊन. जाळीला कुठं भोक पडलं, कुठून तिरीप आत आली, की आप्पा सुई-दोरा घेऊन धावलेच.

चार-पाच दिवसांनी मी विचारलं, "आप्पा, घड्याळ कुठाय?"

"ठेवलंय."

"कुठं?"

"ठेवलंय म्हनलं न्हवं?"

मला ते सापडलं शेडच्या पार मागच्या टोकाला, अगदी खालच्या जाळीखाली. तिथं पोत्यांची चवड असायची. एका पोत्याच्या घडीत, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. बाहेर काढलं तर सेकंदाचा काटा दोन घरं उडी मारायचा, थांबायचा, परत दोन घरं. माझा जीवच कळवळला. मी तशीच पळत आप्पांकडं गेले.

"अहो, हे उन्हात ठेवायचं असतं! सांगितलं होतं ना त्यानं?"

आप्पा मोठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ऊन लागलं की काळं पडतंय."

शेडवरच्या बायका अशा हसल्या की विचारू नका. त्यातली सुशीलाक्का तर मटकन खालीच बसली. "आता गं बया! आप्पा घड्याळाचा बी बेदाना करत्यात की!" आत्तीला कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की पाटलांनी जावयाचं घड्याळ जाळीवर वाळत घातलं. मीही हसले. म्हटलं, आयुष्य सावली धरण्यात गेलं, तर माणूस असं करायचाच. मी घड्याळ उचललं आणि घराच्या कट्ट्यावर टॉवेलवर ठेवून कामावर गेले.

संध्याकाळी आले तर घड्याळ परत पोत्यात.

"आत्ती, तू ठेवलंस?"

"मी कशाला हात लावू बाई? मला तर त्याची भीतीच वाटती. सेल न्हाई, चावी न्हाई, आन् चालतंय."

परत मी ते कट्ट्यावर ठेवलं. माझी पाठ वळायचा अवकाश, ते परत अंधारात. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण माझं हसू हळूहळू आटत गेलं. एकदा चुकतो माणूस, दोनदा चुकतो. रोज कुणी चुकतं का? मला वाटायला लागलं, हेच आप्पांचं उत्तर आहे. तोंडानं नाही म्हणायला जड जातंय, म्हणून पावण्याची वस्तू पोत्यात कोंबतायत. जात वेगळी, मुलूख वेगळा, बोलणं वेगळं. गावात कुणीतरी कान भरले असणार.

पाडवा झाला. माल उतरायला आला. बायका जाळ्या हलवायच्या आणि बेदाणा खाली पडताना पाऊस पडल्यागत आवाज व्हायचा. त्या आवाजात मी पोत्यांच्या चवडीकडं गेले आणि फडकं उलगडलं. काटा हलत नव्हता. मी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, फुंकर घातली. काही नाही.

माझं डोकंच फिरलं. आप्पा वजनकाट्याशी उभे होते, तिथं जाऊन मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "थांबवलंत एकदाचं. झालं समाधान? तो नको असेल तर सरळ नको म्हणा. एवढं नाटक कशाला?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात कधी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता मी. त्यांनी घड्याळ माझ्या हातातून घेतलं, तबकडीवरून अंगठा फिरवला, आणि एवढंच विचारलं, "पावणं कवा येनार?"

"उद्या."

"येऊ दे," ते म्हणाले आणि परत वजनाकडं वळले.

हेमंत आला तो दोन दिवसांच्या रेल्वेच्या प्रवासानं आंबून. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली. आम्हा जैनांचं जय जिनेंद्र म्हणायला तो शिकून आला होता, पण ते त्यानं आप्पांच्या ऐवजी दारातल्या सुशीलाक्काला म्हटलं, इतका तो घाबरला होता. आप्पांनी त्याला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि पहिली गोष्ट कुठली केली असेल तर घड्याळ त्याच्यापुढं धरलं.

"थांबलं हे."

मी दारात उभी होते. आता हेमंतचा चेहरा पडणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"अरे!" तो म्हणाला आणि चक्क हसला. "काही नाही झालं जी याला. झोपलंय. तुम्ही काऊन एवढे उदास?" त्यानं टॉवेलाची घडी केली, घड्याळ त्यावर तबकडी वर करून ठेवलं, आणि उतरत्या उन्हाकडं बघून टॉवेल जरा तिरका केला. "दुपार असती तर नसतं ठेवलं, फार तापलं असतं. आता बरोबर ऊन आहे. थोडा वेळ बसू. आधी काटा उड्या मारत उठेल, मग सरळ चालेल. मी सांगितलं होतं ना आप्पा, उजेडात ठेवा म्हणून."

"इसरलो," आप्पा म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. कुठल्या वर्षी कुठल्या जाळीला कुठं भोक होतं, हे आठवणारा माणूस. विसरला?

मग आम्ही बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. मधे घड्याळ आणि दोन्ही बाजूंना आम्ही. वारा पडला होता. रिकाम्या जाळ्या किंचित किणकिणत होत्या, आणि वाळलेल्या द्राक्षांचा तो वास सगळ्या अंगणात भरून राहिला होता. हेमंत वाळवंटाचं काहीबाही सांगत होता, तिकडं सकाळी सकाळी उंट रस्त्यावर बसतात आणि हॉर्न वाजवला तरी उठत नाहीत, वगैरे. सांगता सांगता त्याचे शब्द लांबायला लागले, मान कलली, आणि तो भिंतीला टेकून गाढ झोपला. लग्न मागायला आलेला माणूस सासऱ्यापुढं घोरायला लागला! मला हसावं की रडावं कळेना.

त्याच्या तोंडावर ऊन येत होतं. आप्पा उठले. त्यांनी एक मोकळं पोतं घेतलं, दोन खांबांना सुतळीनं बांधलं, आणि सावली बरोबर त्याच्या तोंडावर पडेल असं ओढून घेतलं. घड्याळावर मात्र ऊन तसंच राहू दिलं. मग माझ्याशेजारी येऊन बसले.

"इसरलो न्हवतो," ते हळू आवाजात म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळले.

"मला सगळं कळलं हुतं तो सांगताना. पट्टी, उजेड, भूक. मी काय खुळा हाय व्हय? ऊन लागलं की काळं पडतंय म्हनून सांगितलं, तुमी हसलासा. बरं झालं म्हनलं. हसू दे."

"मग का आप्पा? तो नको होता तर..."

"पोरगं सोन्यासारखं हाय. पयल्या दिवशीच कळलं मला. शीतगृहात गेल्तो तवा बघितलं, पंपाचा नट बसवताना हातानं चाचपून बघतंय, तेवढ्यावर कळतंय मानूस." त्यांनी बोटांनी कट्ट्यावरची धूळ पुसली. "न्हाई म्हनायला कारनच न्हवतं माझ्याजवळ, पद्मे. त्येचीच भीती बसली. माल उतरला की हो म्हनावं लागनार, आन् हो म्हनलं की तू जानार. मग म्हनलं, द्राक्षाला सावली धरतो, दिवस लांबतात. ह्येला पन धरून बघू. ते थांबल्यानं दिवस थांबत न्हाईत, एवढं कळतंय मला. पन रोज सांजचं जाऊन बघायचो. काटा दोन घरं जायचा, थांबायचा. बरं वाटायचं. तू तेवढ्यात उन्हात न्हेऊन ठेवायचीस. मग परत आनायचो."

आता माझ्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांचं लक्ष नव्हतं. ते घड्याळाकडंच बघत होते.

"तुझ्या आईच्या टायमाला सगळं लईच बिगीनं झालं," ते म्हणाले. "धरून ठेवायला कायसुदिक न्हवतं हातात. कशाला सावली करावी ते बी कळलं न्हाई."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी टेकायची तसं. त्यांच्या बंडीला बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा आणि घामाचा वास येत होता. मनात एक शब्द पुढं आला, नाही जात. अगदी ओठांपर्यंत आला. मी तो उच्चारलाही असता. समोर हेमंत तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि त्याच्यावर आप्पांनी धरलेली सावली हलत होती. मला दोघंही हवे होते, आणि दोघं एका ठिकाणी मावत नव्हते.

"आप्पा, मी इथंच..."

"गप. बघ."

काटा हलला होता. दोन घरं. थांबला. परत दोन घरं. आप्पा पुढं वाकले. बराच वेळ तो तसाच अडखळत चालला होता, आणि आम्ही दोघं श्वास धरून बघत होतो. मग कधीतरी त्याच्या उड्या संपल्या आणि तो एकेक घर सरळ चालायला लागला. एवढासा तो काटा, पण आप्पांच्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला. दुःखाचा होता की सुटकेचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरातून आत्तीची हाक आली. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, आणि आत्ती तर मावळतीनंतर पाणीही तोंडात घेत नसे. "आटपा! दिस बुडायला आला!"

त्या हाकेनं हेमंत दचकून उठला. कुठं आहोत हे त्याला क्षणभर उमगेना. तोंडावरचं पोतं बघून तर तो अगदी गोंधळला, मग लाजला. "माफ करा जी. दोन रात्री झोप नाही..." आणि घड्याळ बघून एकदम म्हणाला, "उठलं ना! बघा, म्हटलं नव्हतं? फक्त झोपेत वेळ मागं पडलाय. द्या इकडं, मी लावून देतो."

त्यानं हात पुढं केला. आप्पांनी घड्याळ उचललं, पण त्याच्या हातात दिलं नाही. पहिल्यांदाच स्वतःच्या मनगटावर चढवलं. पट्टा बसेना, तर दातात धरून ओढला. मग मनगट हेमंतपुढं करून म्हणाले,

"लावून देऊ नगा. शिकवा मला."

"अहो, सोपं आहे. मी देतो ना करून."

"आज तुमी द्याल करून. पुढच्या साली परत झोपलं तर? तुमी दोघं तिकडं असनार. मी काय जैसलमेरला घिऊन येऊ व्हय ह्येला?"

हेमंत हो हो म्हणत कामाला लागला. त्याचं सगळं लक्ष घड्याळाच्या बारक्या कळीवर होतं. "हे बघा, नखानं ही कळ बाहेर ओढायची. हळू. टक आवाज येईल. आला? आता पुढं फिरवायची..." आणि मधेच त्याचा हात थांबला. त्यानं मान वर करून आधी आप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"फिरवा की," आप्पा म्हणाले. "थांबलासा का?"

मी आत्तीला आणखी एक ताट वाढायला सांगायला म्हणून उठले, आणि दारापर्यंत जाऊन चौकट धरून तशीच उभी राहिले. आत पाऊल टाकवत नव्हतं. मागं ते दोघं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून काटा पुढं नेत होते, आणि आप्पा सारखं म्हणत होते, "सावकाश. पावणं, सावकाश."